वाक्यप्रकार आधी लिहायला लावा, मग ओळखायला

केवल, संयुक्त, मिश्र, हे वाक्याचे तीन प्रकार. केवलमध्ये वाक्य पुरं करणारं क्रियापद एकच, संयुक्तमध्ये बरोबरीची वाक्यं जोडलेली, मिश्रमध्ये एक मुख्य आणि बाकीची त्यावर अवलंबून, म्हणजे गौण. आठवी-नववीच्या मुलांना ही नावं तोंडपाठ असतात, तरी निबंध लिहायला बसवलं की पानभर एकाच साच्यातली वाक्यं येतात. याचं खापर मुलांवर फोडलेलं मला अजिबात पटत नाही. आपण त्यांच्या हातात एक युक्ती देतो आणि धडा संपवतो.

'आणि' दिसलं की संयुक्त, 'की' दिसलं की मिश्र, ही ती युक्ती. 'द्राक्षं आणि कांदे मुंबईला गेले' इथेच ती दगा देते. इथला 'आणि' दोन नामं जोडतो, वाक्य केवलच राहतं. 'म्हणून' तर त्याहून अवघड. 'अवकाळी पाऊस झाला म्हणून द्राक्षाचे मणी तडकले' हे संयुक्त, कारण 'म्हणून'नंतर परिणाम आलाय आणि दोन्ही वाक्यं तोलामोलाची आहेत. 'मणी तडकू नयेत म्हणून बागेवर प्लॅस्टिक टाकलं' हे मात्र मिश्र. प्लॅस्टिक कशासाठी टाकलं, एवढंच सांगायला पहिला भाग आलाय, म्हणून तो गौण. शब्द तोच, काम वेगळं. हे युक्तीनं कसं कळणार?

लांबीवरूनही मुलं फसतात. 'लासलगावला पहाटेच ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी लिलावाची वाट बघत दुपारपर्यंत उन्हात उभा राहिला.' वाक्य एवढं लांबलचक, पण केवल. घेऊन, आलेला, बघत ही सगळी धातुसाधितं, म्हणजे धातूला प्रत्यय लागून झालेली, पण वाक्य पुरं न करणारी रूपं. वाक्य पुरं करणारं क्रियापद शेवटी एकच. मराठीची ही केवढी मोठी ताकद आहे, आणि आपण ती वर्गात दाखवतच नाही!

माझ्या वर्गात नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातली, दिंडोरी-निफाडकडची बरीच मुलं आहेत. मी फळ्यावर तीन छोटी वाक्यं लिहिली: रात्री पाऊस पडला. मणी तडकले. व्यापारी आला नाही. म्हटलं, याचं एक वाक्य करा. एकानं लिहिलं, 'रात्री पाऊस पडला, मणी तडकले आणि व्यापारी आला नाही.' दुसऱ्यानं, 'रात्रीच्या पावसानं मणी तडकल्यामुळे व्यापारी आला नाही.' मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ खाडाखोड करत होती. तिनं लिहिलं, 'जो व्यापारी काल सौदा करून गेला होता, तो मणी तडकल्यावर फिरकलाच नाही.' काल झालेला सौदा फळ्यावर नव्हता, तो तिच्या घरातून आला होता. तो सांगायचा होता म्हणून तिला 'जो-तो' लागला. नामाची माहिती सांगणारं गौण वाक्य म्हणजे विशेषणवाक्य, हे त्यानंतर मला दोन मिनिटांत सांगता आलं आणि सगळ्या वर्गाला कळलं.

संयुक्त वाक्यात तिन्ही गोष्टी एका रांगेत येतात, केवलमध्ये पाऊस कारणापुरता उरतो, मिश्रमध्ये व्यापारी पुढे येतो. कुणाला पुढे आणायचं हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. परीक्षेत 'प्रकार ओळखा' येतं हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या मुलानं तीच गोष्ट तीन प्रकारे लिहून पाहिली, त्याला ओळखणं जड जात नाही. आधी ओळखायला लावलं की मूल 'आणि', 'की'सारखं अव्यय शोधत बसतं, वाक्य वाचतच नाही.

पुढच्या आठवड्यात 'जर-तर' घ्यायचंय. विषय मुलांनीच ठरवलाय, कांद्याचा भाव.