जर्मन पाहुणा

आज सकाळी मी दात घासत असताना घरमालक काकांनी बेल वाजवली आणि दारातूनच विचारलं, "तुमच्याकडे जर्मन कोण उतरलाय?"

तोंडात फेस होता, त्यामुळे मला धड नाही म्हणता आलं नाही. काकांनी त्याचा हवा तो अर्थ काढला.

झालं होतं एवढंच, की कामासाठी मला तीन कॉम्प्युटर हवे होते आणि पैसे एकाचे होते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या प्रोग्राममध्ये तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसते सॉफ्टवेअरने बनलेले कॉम्प्युटर, उभी केली. नेटवर्क मुळात नॅटवर असतं, म्हणजे प्रत्येक मशीन लॅपटॉपच्या आड राहून त्याच्याच पत्त्यावरून बाहेर बोलतं. तिघांनाही इंटरनेट मिळालं, पण एकमेकांशी बोलेनात. पत्ते पाहिले तर तिघांचा एकच, १०.०.२.१५. प्रत्येकजण आपल्या खोलीला आतून कडी लावून बसलेला आणि घरात आपण एकटेच आहोत अशी प्रत्येकाची खात्री. मग नॅटऐवजी ब्रिज्ड हा पर्याय लावून पाहिला. वाय-फायवर तो धड चालेना, कारण ज्याची ओळख पटलेली नाही अशा मॅक पत्त्याचं, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाचं, टपाल वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट घेत नाही. शेवटी वरच्या मजल्यावरून, काकांच्या राउटरपासून, खिडकीतून एक केबल खाली सोडून घेतली. तिचे उपकार काका दिवसाआड आठवून देतात.

ब्रिज्ड म्हणजे मशीन थेट राउटरच्या दारात जाऊन स्वतःच्या नावाने पत्ता मागतं. आणि त्या राउटरला कोण कोण जोडलंय ते दाखवणारं अ‍ॅप जावयाने काकांच्या मोबाइलमध्ये टाकून दिलंय. काका ते पेपरच्या आधी वाचतात.

"हे बघा. पीसीएस सिस्टेमटेक्निक. तीनदा! मी गूगल केलं. जर्मन आहे."

आता ०८:००:२७ ने सुरू होणारे मॅक पत्ते नोंदवहीत एका जर्मन कंपनीच्या नावावर आहेत आणि व्हर्च्युअलबॉक्स तेच वाटत सुटतो, हे सकाळी साडेसातला, चूळ भरायच्या आत, कसं समजावणार?

"काका, ती माणसं नाहीत. लॅपटॉपच्या आतले लॅपटॉप आहेत."

"आतले? बाहेर कधी येतात?"

"येत नाहीत."

"मग पत्ता कशाला हवा त्यांना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

"करारात तुम्ही दोघंच आहात," काका म्हणाले. "पाहुणा राहणार असेल तर आधी कळवायचं. कलम ९."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्ञान पाजळायची हौस नडली. "तसं तांत्रिक भाषेत त्यांना गेस्टच म्हणतात."

"बघा! तुम्हीच म्हणालात. आणि होस्ट कोण?"

"माझा लॅपटॉप."

"होस्ट मी," काका म्हणाले. "घर माझं आहे."

मग विजेचा विषय निघाला. तिघं एकाच बॅटरीवर राहतात हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कणव आली, अर्थात माझ्यासाठी नाही, जर्मनांसाठी. वीजेवरून गाडी पाण्यावर आली. टाकी हल्ली दुपारीच का संपते, याचा त्यांना उलगडा झाला होता.

मी दोन वर्षं पाच तारखेच्या आत भाडं देतो. दिवाळीपासून गीझर गळतोय, तो मात्र कुठल्याच अ‍ॅपात दिसत नाही. तीन वेळा सांगून झालं. "बघू" म्हणतात. जर्मन तेवढा लगेच दिसला.

असो. अर्धा दिवस कामाला सुट्टी देऊन नेटवर्क नव्याने लावलं. नॅट आणि नॅट नेटवर्क हे दोन वेगळे पर्याय आहेत. दुसऱ्यात मशीनं आपसात बोलतात, पहिल्यात नाही. ही नावं ज्याने ठेवली त्याच्या घरी जुळी मुलं असतील तर एकाचं नाव सुरेश आणि दुसऱ्याचं सुरेश कुमार असणार. मला लॅपटॉपवरूनही तिन्ही मशीनांत शिरायचं होतं, म्हणून प्रत्येकाला दोन नेटवर्क अ‍ॅडॉप्टर दिले: इंटरनेटसाठी नॅट आणि आपसांत बोलायला होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त लॅपटॉप आणि मशीनांपुरती १९२.१६८.५६ वाली गल्ली. तरी प्रत्येकाच्या दुसऱ्या जोडणीला पत्ता मिळेना. तासाभराने कळलं, मशीनातल्या लिनक्सला नेटवर्क कसं लावायचं ते सांगणाऱ्या नेटप्लॅनच्या फाइलीत फक्त पहिली जोडणी, ईएनपी०एस३, होती; दुसरीचं, ईएनपी०एस८ चं, नावच नव्हतं. पूर्वी इथ०, इथ१ अशी माणसाला हाक मारता येतील अशी नावं होती. आता गाडीच्या नंबरप्लेटी आहेत.

साडेपाचला काकांच्या अ‍ॅपात माझा लॅपटॉप तेवढा उरला. वरून हाक आली, "गेले का?"

"गेले."

"न भेटताच?" थोडा वेळ शांतता. "मग आता ही केबल कशाला?"

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, वाक्याच्या मध्यात. लॅपटॉपची पिन टक्‌ करून निघाली आणि केबल टेबलावरून, चहाच्या कपाला वळसा घालून, खिडकीतून सरसर वर गेली.