आक्रे पडलं, पण दप्तर सगळं जळालं नाही

मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी सीरिया-पॅलेस्टाइनमध्ये उभारलेल्या क्रुसेडर राज्यांबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘जेरुसलेम, अँटिओक, एडेसा, ट्रिपोली ही राज्यं म्हणजे दोनशे वर्षं चाललेली लुटारूंची छावणी. सरदार अंगठाछाप, कारभार तोंडी. थोडेफार कागद होते ते 1291 साली आक्रे हे त्यांचं शेवटचं मोठं बंदर पडलं तेव्हा जळून खाक झाले. आज दाखवतात त्या सनदा मठवाल्यांनी मागाहून रचलेल्या. स्थानिकांना दाद मागायला जागाच नव्हती, आणि मुसलमान राज्यकर्त्यांशी जो काही संवाद झाला तो तलवारीनेच.’

लुटीबद्दल माझं भांडण नाही. 15 जुलै 1099 रोजी जेरुसलेम घेतल्यावर जी कत्तल झाली ती खुद्द घेणाऱ्यांच्याच बाजूच्या लेखकांनी अंगावर काटा येईल अशी लिहून ठेवली आहे. पण लिहून ठेवली आहे, हे मजकूरकर्ता विसरतो. कागदांबद्दलची त्याची विधानं एकेक करून पाहू.

‘सरदार अंगठाछाप, कारभार तोंडी’

पुष्कळ सरदारांना स्वतःच्या हाताने लिहिता येत नसेल, हे खरं. पण लिहिता न येणं आणि लिहून न घेणं यांत फरक आहे. अँटिओकच्या वेढ्यातून ब्लुआचा काउंट स्टीफन याने बायकोला, अडेलाला, 1098 च्या ईस्टरच्या सुमारास पाठवलेलं पत्र आपल्याकडे आहे. त्यातच तो सांगतो की आपला पाद्री अलेक्झांडर हे पत्र घाईघाईने लिहितो आहे. मुलखाचा कारभार नीट बघ, मुलांना आणि आपल्या माणसांना सांभाळ, मी जमेल तितक्या लवकर येतो, असा निरोप आहे. (आला खरा लवकर. दोनच महिन्यांत वेढा टाकून पळाला आणि त्यावरून जन्मभर बोलणी खाल्ली. पुढे परत गेला आणि 1102 मध्ये रामल्याला मारला गेला.)

शंभर-दीडशे वर्षांनी तर चित्र पारच बदललेलं दिसतं. जाफ्याचा काउंट, इबेलिन घराण्यातला जॉन, याने 1260 च्या दशकात जेरुसलेमच्या उच्च न्यायसभेच्या रीतिरिवाजांवर फ्रेंचमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. हा पाद्री नव्हे, ढाल-तलवारवाला सरदार. त्याच्या आधी नोव्हाराचा फिलिप, तोही योद्धाच, त्यानेही कायद्यावर लिहिलं. सिडोनचा सरदार रेनॉल्ड अरबी जाणत होता आणि इतिहास-हदीसबद्दल बोलू शकत होता, हे प्रशस्तिपत्र मुसलमान सुलतान सलादिनच्या गोटातल्या माणसाने दिलं आहे.

आणि कारकून? स्पेनचा प्रवासी इब्न जुबैर सप्टेंबर 1184 मध्ये आक्र्याच्या जकात नाक्यावर उतरला. त्या कचेरीला तो ‘दिवाण’च म्हणतो. दाराशी दगडी ओटे, त्यांवर गालिचे अंथरलेले, त्यांवर ख्रिस्ती कारकून बसलेले, पुढ्यात सोन्याने मढवलेल्या आबनुसी दौती. लिहितात अरबीत, बोलतातही अरबी. व्यापाऱ्यांच्या मालाची नोंद झाली, माल नसलेल्यांचंही सामान तपासलं गेलं, आणि हे सगळं सभ्यपणे, आरडाओरडा न करता, असं तो मुद्दाम नमूद करतो. फ्रँकांच्या, म्हणजे या युरोपीय ख्रिस्त्यांच्या, राज्यावर तो खूश होता म्हणून असं लिहिलं, असं समजू नका. त्याच प्रवासवर्णनात आक्र्याला त्याने पोटभर शिव्याशाप दिले आहेत.

‘1291 ला सगळं जळालं’

या विधानाला एक जुनं मूळ आहे. तेराव्या शतकातले कायदेपंडित सांगत की पहिला राज्यकर्ता गॉडफ्री याने केलेले कायदे लिहून जेरुसलेममधल्या पवित्र थडग्याच्या (येशूच्या कबरीच्या) चर्चमध्ये एका पेटीत ठेवले होते. ती पेटी ठरावीक मोठ्या माणसांच्या समक्षच उघडायची असा दंडक होता, आणि 1187 मध्ये सलादिनने जेरुसलेम घेतलं तेव्हा ती गेली. आजच्या बहुतेक अभ्यासकांना ही गोष्ट जशीच्या तशी पटत नाही. मूळ कागद कुणालाच दाखवता येत नसला की ‘पेटीत होता, पेटी गेली’ म्हणणं कोर्टात सोयीचं पडतं. असो. नुकसान झालं हे मात्र खरंच. राजाचं स्वतःचं दप्तर आज नाही. बहुतेक सरदार घराण्यांची दप्तरं नाहीत. टेंपलर या योद्धा-साधूंच्या संघटनेचं मध्यवर्ती दप्तरही नाही, आणि ते आक्र्यातून बाहेर पडलं होतं तरी नाही.

मग उरलं काय? बरंच. तशाच दुसऱ्या, हॉस्पिटलर संघटनेने आपल्या सनदा आक्र्याहून सायप्रसला, तिथून ऱ्होड्सला नेल्या. 1522 मध्ये ऱ्होड्स ऑटोमनांच्या हाती पडल्यावर पुन्हा गाठोडी बांधली आणि 1530 पासून मुक्काम माल्टात. आज ते कागद वालेट्टाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत 15 फेब्रुवारी 1113 चं पोप पास्कल दुसरा याचं पत्रही आहे, ज्याने जेरार्डच्या रुग्णालयाला, म्हणजे या संघटनेच्या मूळ संस्थेला, पोपचं संरक्षण मिळालं. पवित्र थडग्याच्या चर्चच्या दानपत्रांचं नकलावहीतलं संकलन व्हॅटिकनमध्ये आहे. जेरुसलेमजवळच्या जोसाफातच्या मठाची सिसिलीत शाखा होती, म्हणून त्याचे कागद पालेर्मोत निघाले. व्हेनिसला आणि जिनोव्हाला मिळालेल्या सवलती त्या त्या शहरांनी जिवापाड जपल्या. टायर जिंकून देण्याच्या बदल्यात त्या शहराचा एक तृतीयांश भाग व्हेनिसला देणारा 1123 चा करार त्यातलाच. त्या वेळी राजा बॉल्डविन दुसरा शत्रूच्या कैदेत होता, म्हणून करार जेरुसलेमचा पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) वार्मुंड याने केला आणि राजाने सुटून आल्यावर 1125 मध्ये त्यावर मान्यतेची मोहोर उठवली.

याहून बोलका नमुना कूर्तनेच्या जॉसेलिनचा आहे. हा एडेसाच्या गेलेल्या राज्याचा नावापुरता काउंट, पण आक्र्याच्या आसपास त्याने एकेक गाव घेत मोठी जहागीर उभी केली. 1220 मध्ये त्याची मुलगी बिएट्रिक्स आणि जावई ऑटो यांनी ती जहागीर ट्यूटॉनिक या जर्मन योद्धा-साधूंच्या संघटनेला विकली. जमीन घेताना मागचे कागद ताब्यात घ्यायचे हा व्यवहार तेव्हाही होता. त्यामुळे एका सरदार घराण्याच्या सनदा त्या संघटनेच्या दप्तरात शिरल्या आणि तिच्याबरोबर युरोपात पोचल्या. 1869 मध्ये त्या छापूनही आल्या. शेजारच्या ज्या सरदारांनी जमीन विकली नाही, त्यांचे कागद गेले.

म्हणजे नियम असा दिसतो: ज्याचं एक घर समुद्रापलीकडे होतं त्याचे कागद वाचले. ज्याचं सगळंच सीरियाच्या किनाऱ्यावर होतं त्याचे बुडाले. या नियमाने आपल्या माहितीला एक कल येतो, चर्च आणि व्यापारी शहरं मोठी दिसतात आणि सरदार लहान. हा आक्षेप कुणी घेतला तर मी मान डोलावेन. पण ‘सगळं जळालं’ म्हणणाऱ्याला सांगतो, राइनहोल्ड र्‍योरिश्ट नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1893 मध्येच या राज्यांच्या पत्रं-सनदांची जी सारांशसूची छापली, तिच्यातल्या नोंदी दीड हजारांच्या घरात जातात. नंतर त्यात भरच पडली आहे.

‘सनदा मागाहून रचलेल्या’

काही आहेतच. मार्सेलच्या व्यापाऱ्यांकडच्या जेरुसलेमच्या राजांच्या म्हणून मिरवल्या जाणाऱ्या सवलतींपैकी अनेक बनावट आहेत, आणि त्या तेराव्या शतकात खुद्द आक्र्यातच तयार झाल्या, हे इतिहासकार हान्स एबरहार्ड मायर यांनी दाखवून दिलं. पण हे उदाहरण मजकूरकर्त्याच्या बाजूचं नाही. ‘मठवाल्यांनी मागाहून’ नव्हे, तर राज्य चालू असताना व्यापाऱ्यांसाठी हा उद्योग झाला. का? कारण नाक्यावर जकात माफ करून घ्यायला कागदच लागत होता. तोंडी कारभारात खोटी सनद कोण करत बसेल?

शिवाय खोटी ओळखू येते ती खऱ्यांच्या जोरावर. साक्षीदारांच्या यादीत त्या साली मेलेला माणूस हजर असतो, चॅन्सलरचं (राजाच्या दप्तरप्रमुखाचं) नाव वर्षाशी जुळत नाही, मायना नंतरच्या काळातला निघतो. शिक्का हा आणखी एक पुरावा. जेरुसलेमच्या राजाची मुद्रा शिशाची असे, दोरीने सनदेला लटकवलेली. एका बाजूला सिंहासनावर बसलेला राजा. दुसऱ्या बाजूला तटबंदीच्या वर तीन इमारती: दाविदाचा बुरूज, वर उघड्या छपराचं पवित्र थडग्याचं चर्च आणि घुमटाचं ‘प्रभूचं मंदिर’, म्हणजे मुसलमानांनी बांधलेला आणि फ्रँकांनी चर्च करून टाकलेला खडकावरचा घुमट. भोवती अक्षरं, अर्थ ‘सर्व राजांच्या राजाचं नगर’.

‘स्थानिकांना दाद मागायला जागाच नव्हती’

इथे ‘जागाच’ मधला ‘च’ खोटा आहे.

1138 सालच्या एका सिरियाक हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिकाने एका दाव्याची हकिगत लिहून ठेवली आहे. जेरुसलेममधल्या सिरियन ऑर्थोडॉक्स मठाची काही गावं होती. पहिल्या धर्मयुद्धाच्या गडबडीत ही मंडळी इजिप्तला गेली होती, तेवढ्यात गोफिए नावाच्या फ्रँक सरदाराने ती गावं बळकावली. पण तो स्वतःच इजिप्तच्या फौजेच्या हाती सापडला. वर्षामागून वर्षं गेली, तो मेला असंच सगळे धरून चालले, आणि गावं मठाला परत मिळाली. तीसहून अधिक वर्षांनी म्हातारा गोफिए सुटून आला, आणि आल्या आल्या म्हणाला, माझी गावं द्या. फ्रँक लोकांत हळहळ, एवढं भोगून आलेला आपला माणूस! बिशप इग्नेशियसची झोप उडाली. त्याने राणी मेलिसांदकडे धाव घेतली. तिची आई मॉर्फिया आर्मेनियन, पूर्वेकडच्या ख्रिस्त्यांशी राणीचा घरोबा. तिचा नवरा राजा फुल्क तेव्हा बैत जिब्रिनला किल्ल्याच्या बांधकामावर होता, तिथपर्यंत प्रकरण गेलं. शेवटी गोफिएला मोबदला देऊन गप्प केलं आणि गावं मठाकडे राहिली. अर्ज, वशिला, तडजोड, सगळं यथासांग. राणीपर्यंत पोचू न शकणाऱ्या कुळाचं काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच, पण तो जगातल्या बहुतेक दरबारांना विचारता येईल.

दुसरी फिर्याद एका मुसलमानाची. सीरियातल्या शैझरचा उसामा इब्न मुन्किध दमास्कसचा दूत म्हणून फुल्क राजाकडे जात असे. तह चालू असताना बानियासच्या सरदाराने दमास्ककरांच्या मेंढ्या पळवल्या. मागाहून परत केल्या, पण दरम्यान मेंढ्या व्यायल्या आणि कोकरं मेली. उसामाने राजापुढे गाऱ्हाणं घातलं. राजाने सहा-सात सरदारांना सांगितलं, उठा, याचा निवाडा करा. ते बाजूला गेले, बोलले, परत आले: नुकसानभरपाई द्यावी. सरदार विनवण्या करू लागला, शेवटी उसामाने चारशे दिनारांवर मिटवलं. उसामा दूत होता, सामान्य रयत नव्हे, हे खरं. पण मेंढ्यांच्या कोकरांचा हिशेब राजसभेत झाला, हेही खरं.

रयतेचा विचार झालेली सनदही आहे. 1120 मध्ये बॉल्डविन दुसरा याने जेरुसलेमच्या वेशीवरची धान्याची जकात माफ केली. इतिहासकार टायरचा विल्यम, जो पुढे राज्याचा चॅन्सलर झाला, तो सांगतो की ही सवलत सिरियन, ग्रीक, आर्मेनियन आणि मुसलमानांनाही होती. गहू, जव, डाळी कुणीही आणा. उदारपणापेक्षा यात पोटाची चिंता अधिक होती, शहर ओस पडलं होतं आणि त्याला खायला घालायचं होतं. तशीच 1138 ची एक सनद: फुल्क आणि मेलिसांद यांनी तेकोआ गाव पवित्र थडग्याच्या चर्चला दिलं आणि गावकऱ्यांना मृत समुद्राकाठचं डांबर आणि मीठ गोळा करायची मुभा दिली.

आता दुसरी बाजू. याच सनदांमध्ये अरबी नावाचे शेतकरी आणि त्यांची कुटुंबं जमिनीबरोबर दान दिलेली आहेत. भटक्या बेदुइनांचे तंबूच्या तंबू राजाने हॉस्पिटलरांना बहाल केले आहेत. आक्र्याच्या बाजार-न्यायालयात दोन फ्रँक आणि चार सिरियन पंच बसत, मुसलमानाला कुराणावर आणि ज्यूला तोरावर शपथ घेता येई, पण फ्रँकाविरुद्ध इतरांच्या शब्दाचं वजन सारखं नव्हतं. अन्याय दाखवायचा असेल तर पुरावा इथेच, शाईने लिहिलेला आहे. ‘कागदच नव्हते’ म्हणणारा माणूस आपल्याच बाजूचा साक्षीदार हाकलून देतो.

‘संवाद फक्त तलवारीने’

1268 मध्ये इजिप्तचा सुलतान बैबर्स याने अँटिओक घेतलं तेव्हा तिथला राजपुत्र बोहेमंड सहावा ट्रिपोलीत होता. सुलतानाने त्याला पत्र धाडलं. त्यात मायन्यापासूनच टोमणा आहे: ‘प्रिन्स’ ऐवजी ‘काउंट’, कारण ज्या शहरामुळे प्रिन्स होतास ते आता तुझं नाही. पुढे तू इथे असतास तर काय काय पाहिलं असतंस याचं रसभरित वर्णन. ते पत्र लिहिणारा मुन्शी इब्न अब्द अल-झाहिर होता.

याच दरबारी लेखकांमुळे इजिप्तचा पुढचा एक सुलतान कलावून आणि आक्र्याचे फ्रँक यांच्यातला 1283 चा तह अरबीत टिकला. मुदत दहा वर्षं, दहा महिने, दहा दिवस, दहा तास. गावांची यादी, पळून गेलेल्या माणसांचं काय करायचं, फुटलेल्या जहाजांचा माल कुणाचा, अशी कलमं. 1290 मध्ये इटलीहून नव्याने आलेल्या धर्मयोद्ध्यांनी आक्र्यात मुसलमानांची कत्तल केली. कलावूनने गुन्हेगार मागितले, आक्र्याने दिले नाहीत. तेव्हा कैरोत तहाचा मसुदा काढून दरबारी लेखकांना तपासायला लावला गेला, मोडायला आधार देणारं कलम सापडतं का. त्यांच्यात मतभेद झाले, पण सुलतानाला हवं तसं कलम शेवटी निघालं. तयारी चालू असतानाच कलावून वारला. 18 मे 1291 रोजी शहर घेतलं त्याच्या मुलाने, अल-अश्रफ खलीलने.