‘भाबडेपणा’ या शब्दाबद्दल

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल, तिच्या घराण्यावरचा माझा लेख वाचून आपण एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा: "गुलामांच्या घामाची साखर विकणारा बाप गुलामगिरीविरोधी कसा? धंदा बुडाला म्हणून अमेरिका गाठणाऱ्या माणसाला लेखिकेने भाबडेपणाने संत करून टाकलंय."

आधी माझी चूक. इंग्लंडमधलं ब्रिस्टल सोडून अमेरिकेला निघताना एलिझाबेथ बारा वर्षांची होती, असं मी लिहिलं होतं. जन्म फेब्रुवारी १८२१ चा, प्रवास ऑगस्ट १८३२ चा. म्हणजे वय अकरा. दुरुस्त केलं आहे.

आता भाबडेपणा. मुद्दा मांडायला हा शब्द लागत नाही, समोरच्याला गप्प करायला लागतो. दोन वर्षं मी या माणसांबद्दल मिळेल ते वाचते आहे, आणि तुम्ही दोन ओळींत माझी अक्कल मोजून मोकळे! ‘संत’ हा शब्द माझ्या लेखात एकदाही आलेला नाही. एलिझाबेथच्या बापाचा, सॅम्युअल ब्लॅकवेलचा, ब्रिस्टलमधला साखरेचा कारखाना आगीत गेला, पैशाची ओढाताण झाली, न्यूयॉर्कला उतरल्यावरही त्याने पुन्हा साखरच धरली, हे सगळं मीच लिहिलंय. माझीच माहिती घेऊन मलाच शिकवायला आलात.

उसामागे गुलामगिरी आहे, हे त्या माणसाला तुमच्याआधी कळलं होतं. म्हणून तर तो बीटच्या साखरेच्या मागे लागला होता. पोरांनी साखर खाणं सोडलं होतं, तेही साखरवाल्याच्या घरात. याला तुम्ही ढोंग म्हणता?

माझे वडील एकतीस वर्षं साखर कारखान्यात गव्हाणीवर होते. माळकरी माणूस. घरात दारूचा विषय निघाला तरी ताटावरून उठायचे. त्यांच्या कारखान्याची मळी डिस्टिलरीला जायची आणि त्याच पगारावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. गळीत हंगामात रात्रपाळी करून आले की देवापुढं बराच वेळ नुसते बसून राहायचे. काय चाललंय ते आम्हाला न सांगता कळायचं. पोटाचा धंदा एकीकडे आणि मन दुसरीकडे, असं आयुष्य काढणारा माणूस मी रोज पाहिलाय. त्याला कुणी खोटं म्हटलं असतं तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. सॅम्युअलबद्दल लिहिताना माझे वडील डोळ्यांपुढे होते, हे मी कबूल करते. यात लपवण्यासारखं काही नाही.

१८३८ मध्ये सिनसिनाटीत सॅम्युअल वारला तेव्हा घरात पैसा उरला नव्हता. मागे बायको आणि नऊ मुलं. मुलींनी शाळा काढून घर चालवलं. एलिझाबेथ १८४४ मध्ये केंटकीत शिकवायला गेली, तिथे गुलामगिरी रोज डोळ्यांनी पाहिली आणि काही महिन्यांत नोकरी सोडून परत आली. १८४९ मध्ये ती डॉक्टर झाली. धाकटी एमिलीही १८५४ मध्ये झाली. भाऊ हेन्रीने १८५५ मध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लूसी स्टोनशी लग्न करताना नवऱ्याला बायकोवर हक्क देणाऱ्या कायद्यांचा लेखी निषेध केला. बापाने घरात नुसत्या गप्पा मारल्या असत्या, तर एवढी मुलं अशी निघाली असती का? तुम्हीच सांगा.

एलिझाबेथने उतारवयात लसीकरणाला विरोध केला, हा तुमचा दुसरा मुद्दा. खरा आहे, पण लेख तिच्या घराण्यावर होता. आणि "आपल्या आनंदीबाई सोडून गोऱ्या बाईचं कौतुक कशाला" याला मी उत्तर देणार नाही. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि एकीबद्दल लिहिलं म्हणून दुसरीचा मान कमी होत नाही.

वय दुरुस्त केलंय. ‘गुलामगिरीचा तिटकारा या घरात बापाकडून मुलींकडे आला’ हे वाक्य मात्र होतं तसंच राहील.