'आदिवासी ज्ञानाला ट्रेनिंग कशाला' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या गोव्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला. म्हणे गावडा, कुणबी, वेळीप या आदिवासी समाजांतली पोरं आपलं ज्ञान घरीच शिकतात, शिक्षकाला त्याचं ट्रेनिंग कशाला. दुसरं, ही सगळी अंधश्रद्धा. तिसरं, सिलॅबस मागे पडतो.

घरी शिकतात? अहो, खाजन म्हणजे नदीकाठची बांध घातलेली खारी शेतजमीन पडीक, बाप इंडस्ट्रियल इस्टेटीत शिफ्टला, खाऱ्या जमिनीत येणारं कोरगुट भात पोराने बघितलेलं सुद्धा नाही. आजीला येतं, पण आजीला विचारायचं असतं हे पोराला कोण सांगणार?

सिलॅबसचं म्हणाल तर उलटंच आहे. आठवीला दाब शिकवताना मी बोर्डावर बाण काढत बसायचो, आणि शाळेपासून दहा मिनिटांवर मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार, आहे, भरती आली की बाहेरचं पाणी चढतं आणि लाकडी दारं आपोआप घट्ट मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून नदीत जातं, ना मोटर ना वीज. धडा तिथेच झाला की!

पण ट्रेनिंग लागतंच, हे मी तोंडावर आपटून शिकलो. पहिल्या वर्षी मानस सांभाळणाऱ्या काकांना वर्गात आणलं, खुर्ची दिली, माईक दिला, 'ह्यामागचं सायन्स सांगा' म्हटलं. काका गप्प. दोन मिनिटांत चहा घेऊन गेले. पुढल्या वर्षी पोरांनाच ओहोटीच्या वेळी बांधावर नेलं आणि मी तोंड बंद ठेवलं. बांधाला चिखल कुठला, खेकड्याचं बीळ कसं ओळखायचं, कुठून पाणी झिरपतं, काका तासभर बोलत होते, कोकणीत, आणि पोरं वहीत चित्रं काढत होती. बीएडला हे कोणी शिकवलं नव्हतं बुवा.

अंधश्रद्धेचं म्हणाल तर देवराईत कुऱ्हाड लावायची नाही ही श्रद्धाच आहे, मान्य. म्हणून तिथली जुनी झाडं मोजायची नाहीत का? श्रद्धेची टिंगल न करता निरीक्षण कसं करून घ्यायचं, हे शिकावंच लागतं. औषधी झाडांचं तर आणखी नाजूक, वैद्याला विचारल्याशिवाय काही लिहून घ्यायचं नाही, पोरांना चाखायला तर मुळीच द्यायचं नाही.

2020 च्या शैक्षणिक धोरणात आदिवासी ज्ञानाचा उल्लेख आहे आणि शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षणही. आमचे बहुतेक एसी हॉलमध्ये पीपीटी बघण्यात जातात. त्यातले चार तास ओहोटीची वेळ बघून बांधावर ठेवा, चप्पल आमची आम्ही धुऊ.