नंबर तोच, कंपनीही तीच

घरात रेंज नाही म्हणून गॅलरीच्या कठड्यावर अर्धं शरीर बाहेर काढून बोलता, आणि हल्ली कंपनी बदलायचे विचार मनात येतात? झटकून टाका. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते, ३ जुलै २०१५ पासून तर बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलवलं तरी जुनाच नंबर पोर्ट करता, म्हणजे नव्या कंपनीकडे नेता येतो, हे सगळं खरं. पण हक्क मिळाला म्हणून लगेच वापरायचा?

खुमखुमी असेलच, तर निदान रीतसर करा. पोर्ट करायच्या आदल्या दिवशी वर्षभराचा रिचार्ज मारा. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत जात नाही, तो इथेच सोडावा लागतो. इतक्या वर्षांचं नातं, निरोपाला हात आखडता घेऊ नये. एवढी ऐपत नसेल तर उलट टोक गाठा: रिचार्ज न करता सिम ड्रॉवरमध्ये पडू द्या. पोर्ट होतो तो चालू नंबर. तुमचा बंद पडून यथावकाश दुसऱ्या कुणाला मिळाला, की बँकेचे ओटीपी वाचायचा त्रासही तोच घेईल.

जुनं सिम नॅनो करून घ्यायचं राहिलंय? तेही आत्ताच उरका. जुलै २०२४ पासून सिम बदललं की सात दिवस पोर्टिंगसाठी लागणारा कोड देत नाहीत. नियम आहे भामट्यांसाठी, पण तुम्हालाही लाभ घेता येतो.

हा कोड मागायला १९०० वर एसएमएस करावा लागतो. पूर्वी यात खरी गंमत होती. स्वस्त प्लॅनमध्ये एसएमएसच नसायचे, म्हणजे कंपनी सोडायची तर आधी तिचाच महागडा रिचार्ज मारा! डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना दटावलं आणि ही मजा घालवली. असो.

आठ अक्षरी कोड आला की घाई नको. मेव्हण्याला विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर मतदान घ्या, अमावस्या टाळा आणि पाचव्या दिवशी दुकानात जा. कोड चारच दिवस चालतो. (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत तीस दिवस. तिथले मेव्हणे जास्त खोलात जात असावेत.) नव्या कंपनीची रेंज आपल्या घरात येते का, हे शेजाऱ्याच्या फोनवर मुळीच तपासू नका. जाहिरातीतल्या डोंगरावर येते ना? पुरे. चुकलंच तर पुन्हा पोर्ट करता येतं, फक्त आधी ९० दिवस काढावे लागतात.

अर्ज दिला रे दिला की जुनं सिम कात्रीनं कापा. सर्कलमधल्या सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, साधारण एक राज्य) पोर्टिंगला कामाचे तीन दिवस लागतात, सर्कलबाहेर पाच, आणि तोवर जुनंच सिम चालतं. पण तेवढीच मनाला शांती.

मग फोन येईल. आजवर ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’ ऐकवून तुम्हाला ताटकळत ठेवणारी कंपनी स्वतःहून नाव घेऊन विचारेल, ‘सर, आमचं काय चुकलं?’ शिवाय फक्त तुमच्यासाठी खास ऑफर, जी काल या प्रेमळ मंडळींना ठाऊकही नव्हती. विरघळा. अर्ज मागे घ्यायला २४ तास असतात, एसएमएस त्याच १९०० ला. ऑफर मात्र लेखी मागू नका, उगाच अविश्वास दाखवल्यासारखं होतं.