चूक मार्नरला सोडण्यात नव्हती
मिच मार्नरला जाऊ देणे ही उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकी साखळीतील टोरंटो मेपल लीफ्स या संघाची घोडचूक होती, हे एका लेखात वाचलेले मत मला अर्धेच पटते. २०२४-२५ च्या मोसमात १०२ गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले साहाय्य मिळून) मिळवणारा खेळाडू वेगासच्या संघाकडे गेला आणि बदल्यात एकटा निकोला रॉय आला, हा व्यवहार तोट्याचाच दिसतो. परंतु मूळ चूक २०१८ आणि २०१९ मधील आहे, जेव्हा टावारेस, मॅथ्यूज आणि मार्नर या तीन आक्रमक खेळाडूंवरच वर्षाला ३३ दशलक्ष डॉलरहून अधिक रक्कम अडकवली गेली. पुढे कोविडमुळे वेतनमर्यादा (प्रत्येक संघाच्या एकूण वार्षिक वेतनावरील कमाल मर्यादा) ८१.५ दशलक्ष डॉलरवरच थांबली आणि बचावफळीसाठी हात आखडता घ्यावा लागला. शिवाय मार्नरच्या करारात बदलीस नकार देण्याचा हक्क होता, त्यामुळे त्याला वेळीच विकणेही क्लबच्या हाती उरले नव्हते.

साखळीतील गुणतक्ता पाहून संघ लयीत आहे असे म्हणणाऱ्यांनी मे २०२५ मधील बाद फेरीतील फ्लोरिडाविरुद्धचा निर्णायक सातवा सामना आठवावा. घरच्या मैदानावर ६-१ असा पराभव झाला. (तो मी शेवटपर्यंत पाहिला, हा माझा दोष.) टावारेसला मात्र चार वर्षांसाठी वर्षाला सुमारे ४.४ दशलक्ष डॉलरमध्ये राखले, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.