मारकडवाडीचे आकडे मशीननंच दिले

कंबर तलावावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपासून माळशिरसच्या मेहुण्यांपर्यंत सगळ्यांनी मला एकच मजकूर पाठवलाय. मारकडवाडीनं सिद्ध केलं की ईव्हीएममध्ये मत फिरवतात. जर्मनीनं मशीन हद्दपार केलं. इलॉन मस्कनंही धोका सांगितला. म्हणून मतपत्रिका परत आणा. मी भाजपचा मतदार आहे, ते लपवत नाही. पण हे लिहितोय ते नोकरीची अनेक वर्षं निवडणूक ड्यूटी केलेला शिक्षक म्हणून.

आधी मारकडवाडी, कारण माळशिरस तालुक्यातलं हे गाव आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं आहे. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. माळशिरसमधून शरद पवार गटाचे उत्तम जानकर तेरा हजारांहून जास्त मतांनी निवडून आले, भाजपचे राम सातपुते पडले. मारकडवाडीत मात्र सातपुतेंना १००३ आणि जानकरांना ८४३ मतं निघाली. गावातल्या जानकर समर्थकांना ते पटलं नाही आणि ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरलं. प्रशासनानं जमावबंदी लावून ते थांबवलं.

आता मजकूर लिहिणाऱ्यानं एवढंच सांगावं: ज्याच्या हातात मशीन होतं, त्यानं एका गावात आघाडी घेतली आणि आमदारकी घालवली? त्याच सातपुतेंना जूनमध्ये सोलापूर लोकसभेला प्रणिती शिंदेंनी ७४ हजारांवर मतांनी हरवलं होतं. शेजारच्या माढ्यात धैर्यशील मोहिते पाटील लाखाच्या फरकानं जिंकले. राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. तेव्हा रामवाडीच्या मतमोजणीच्या गोदामाबाहेर गुलाल उधळणाऱ्या कुणीही मशीनवर शंका घेतली नव्हती.

"गाव कायम आमच्याच मागे होतं" हे मेहुणे पोटतिडकीनं सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण जानकर आणि मोहिते पाटील हे तालुक्यातले जुने विरोधक लोकसभेच्या तोंडावर एकत्र आले. वर्षानुवर्षं ज्यांच्या विरोधात बूथ लढवला, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसायचं म्हटल्यावर प्रत्येक घर निमूटपणे मागे येतं असं नाही. कोण कुठे सरकलं ते कोणी चावडीवर सांगत नाही. मत गुप्त असतं ते त्यासाठीच.

म्हणूनच गावातलं ते फेरमतदान मला पटलं नाही. पुढाऱ्यांच्या देखत, एका बाजूनं भरवलेल्या मतदानाला दुसऱ्या बाजूचा माणूस येईल कशाला? त्यातून सिद्ध काय झालं असतं? गावकऱ्यांवर गुन्हे दाखल केले, तेही मला पटलं नाही. समजूत काढायला हवी होती.

आणखी एक गोष्ट. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांचे गठ्ठे मिसळून मोजायची पद्धत होती, कोणत्या गावानं कुणाला मत दिलं ते कळू नये म्हणून. म्हणजे मारकडवाडीला आपला आकडा कळला तो मशीनमुळे. तो पटला नाही तर उपायही होता. निवडणूक नियमांतला ५६-ड हा नियम उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर मशीनला जोडलेलं यंत्र छापतं त्या) मोजण्यासाठी तिथल्या तिथे लेखी अर्ज करू देतो. ज्या मतदारानं मत दिलं, त्यानं काचेतून सात सेकंद पाहिलेली तीच ही चिठ्ठी. राज्यात २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच केंद्रांच्या, म्हणजे १४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या. तफावत निघाली नाही असं आयोगानं जाहीर केलं.

मशीन हॅक होतं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मी वजनदार मानतो. मतं साठवणारं कंट्रोल युनिट फक्त कितव्या क्रमांकाचं बटण दाबलं तेवढं जाणतं, चिन्ह ओळखत नाही. पण व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरली जातात ती उमेदवार ठरल्यानंतर. मग तिथे गडबड झाली तर? सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ च्या निकालात याचीच दखल घेतली. चिन्हं भरणारी युनिटं सील करून निकालानंतर ४५ दिवस ठेवायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के मशीनची तपासणी मागता येईल, असा आदेश दिला. मतपत्रिकेची मागणी मात्र फेटाळली. मजकुरात यातलं अक्षरही नाही.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं मार्च २००९ मध्ये मशीन घटनाबाह्य ठरवलं हे खरं. कारण काय दिलं? सामान्य मतदाराला तज्ज्ञाशिवाय आपलं मत तपासता येत नव्हतं, त्या यंत्रांत कागदच नव्हता. आपल्याकडे त्याच उणिवेवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये कागदी चिठ्ठीचा आदेश दिला. मस्क जून २०२४ मध्ये बोलले ते अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर मतदान यंत्रांच्या आकड्यांत झालेल्या घोळावरून. ती यंत्रं वेगळी, आणि तिथला घोळ पकडला गेला तो कागदाशी ताळा करूनच. अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी कागदावरचं मत मशीनच मोजतं.

आणि मतपत्रिका? मी मोजल्यात. घडी घातली की फुलीची शाई समोरच्या चिन्हावर उमटायची, कुणाचा शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडायचा, आणि एकेका कागदावरून टेबलाभोवती हमरीतुमरी व्हायची. रात्र उलटून जायची. बाद मतांचा ढीग बघून वाईट वाटायचं, कारण त्यात जास्त करून शिक्का मारायची सवय नसलेल्या म्हाताऱ्या माणसांची मतं असायची. बूथ बळकावणं इतकं वाढलं होतं की १९८९ मध्ये त्यासाठी कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं. एका मिनिटाला चारच मतं घेणारं मशीन त्या टोळक्यांना नको होतं.

तक्रार करायचीच तर एक खरी जागा आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तिथे व्हीव्हीपॅट नसतं. जानेवारी २०२६ मध्ये सोलापूर महापालिकेसाठी मी एकामागून एक चार बटणं दाबली आणि एकही चिठ्ठी पाहिली नाही. तिथे चिठ्ठी द्या, आणि विधानसभा-लोकसभेला चिठ्ठ्या मोजायची केंद्रं पाचवरून वाढवा, या मागणीचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं असेल तर त्यावर पहिली सही माझी घ्या, असं मी मेहुण्यांना कळवलंय.